मोहाच्या झाडाखालची ठिणगी

१५ फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्राच्या वनविभागाचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं: धूर कुठे दिसतो का? तिथून १५ जूनपर्यंत, म्हणजे पावसाळा दारात येईपर्यंत, आगीचा हंगाम चालतो. मेळघाट, पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि गडचिरोलीचं अफाट जंगल या चार महिन्यांत कुठल्याही दुपारी पेट घेऊ शकतं. बऱ्याच ठिकाणी ते घेतंही.

वणवा म्हटलं की बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, असं शाळेपासून ऐकलेलं अनेकांच्या मनात असतं. वीज पडून जंगल पेटतं, असंही वाटतं. प्रत्यक्षात विदर्भात विजा कडाडतात त्या बहुतेक पावसाची सर सोबत घेऊन, आणि बांबूच्या घर्षणाने लागलेली आग शोधूनही सापडणं कठीण. भारतातल्या जंगलांमधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक आगी माणसाच्या हातून लागतात, यावर वनखातं आणि अभ्यासक दोघांचंही एकमत आहे. काही आगी बेपर्वाईने लागतात: न विझवता फेकलेली विडी, रस्त्याकडेला स्वयंपाक करून तशीच सोडलेली चूल, धुऱ्यावरचा काडीकचरा जाळताना जंगलात शिरलेली आग. काही आगी मात्र लावल्या जातात, आणि त्या लावण्यामागे कारण असतं. ते कारण समजून घेतल्याशिवाय विदर्भातला वणवा समजत नाही आणि थांबतही नाही.

जंगल कसं तयार होतं जळायला

पूर्व विदर्भात पाऊस कमी पडत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जंगलाला साठवलेल्या ओलीवर काढायचे असतात. म्हणून इथली झाडं पानं टाकून देतात. पान म्हणजे पाण्याचा खर्च. तो बंद केला की झाड उन्हाळा तगून जातं. साग, ऐन, धावडा, बिजा, सालई, तेंदू, मोह अशा झाडांचं हे कोरडं पानझडी जंगल. फेब्रुवारीत पळस फुलतो तेव्हा साग उघडाबोडका होत आलेला असतो, आणि मार्चअखेर जंगलाचा सगळा पाला जमिनीवर आलेला असतो.

हाच पाला वणव्याचं इंधन. सागाचं पान ताटाएवढं मोठं. वाळलं की कडा वळतात, पापडासारखं कुरकुरीत होतं. वळलेल्या पानांच्या थरात हवा खेळती राहते, त्यामुळे आग आतून पसरते. पाल्याला वाळलेल्या गवताची जोड असते. फुलोरा येऊन गेलेलं बांबूचं बेट असेल तर तो बांबू मरून उभाच वाळलेला असतो. वर सूर्य तापत जातो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. दुपारी हवेतली आर्द्रता इतकी खाली जाते की पाल्यात ओलीचा अंशही उरत नाही. त्यात वारा सुटला की एका जागची आग बघता बघता पुढच्या कक्षात पोहोचते. मेळघाटात डोंगराचीही भर पडते. चढावर ज्वाळा वरच्या पाल्याच्या जवळ असतात, तो आधीच तापवून ठेवतात, म्हणून आग उतारापेक्षा चढावर कितीतरी वेगाने धावते.

तरीही विदर्भातला वणवा आणि बातम्यांत दिसणारे परदेशातले वणवे यांत मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात निलगिरीची जंगलं शेंड्यापर्यंत पेटली. ३३ माणसं थेट आगीत गेली, ३,००० हून अधिक घरं जळली आणि सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर भूभाग होरपळला. निलगिरीच्या पानांत तेल असतं आणि झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात, त्यामुळे आग झाडावरून झाडावर जाते. विदर्भात शेंड्याला पानच नसतं. आग जमिनीवरून सरकते, ज्वाळा बहुतेक वेळा गुडघ्या-कमरेएवढ्या असतात. मोठं झाड वाचतं. ऐनाची भेगाळलेली जाड साल, सागाची साल अशी आग सहन करते. पहिल्या पावसानंतर सगळं हिरवं झालं की रस्त्यावरून जाणाऱ्याला इथे काही जळलं होतं हे कळतही नाही.

नुकसान होतं ते खाली, नजरेआड. त्या वर्षी उगवलेली रोपं जळतात. रातवा पाल्यावरच अंडी घालतो. टिटवी, तित्तर, रानकोंबडी यांची घरटीही जमिनीवर. ती जातात. सरडे, साप, गोगलगायी, पाला कुजवून माती करणारे किडे आणि बुरशी जातात. मातीवरचं पाल्याचं पांघरूण गेलं की जूनचा पहिला जोरदार पाऊस थेट उघड्या मातीवर आदळतो आणि राखेसकट वरचा सुपीक थर नाल्यात घेऊन जातो. एका वर्षाची आग जंगल सोसतं. दरवर्षी तीच जागा जळत राहिली तर काय होतं, हे विदर्भात अनेक ठिकाणी पाहता येतं: वर म्हातारी झाडं, खाली झुडपं, आणि मधली तरुण पिढी गायब.

पहाटेचं मोहफूल, मेमधलं पान

मार्चच्या मध्यापासून गडचिरोली, गोंदिया, मेळघाटातल्या गावांमध्ये दिवस पहाटे चारला सुरू होतो. बाया आणि पोरं टोपल्या घेऊन मोहाकडे निघतात. कुणाचं झाड कोणतं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. मोहाचं फूल रात्री आणि पहाटे गळतं. फिकट पिवळसर, रसाने भरलेलं, गोडसर उग्र वासाचं. उजाडेपर्यंत झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ऊन चढण्याआधी, आणि त्याच फुलांसाठी येणारं अस्वल किंवा हरीण पोहोचण्याआधी तो वेचायचा असतो. दोन-तीन आठवडे हा क्रम चालतो. वेचलेली फुलं अंगणात वाळवली जातात. काही घरात खायला, काही दारूसाठी, बाकीची बाजारात. शेतातलं धान संपत आलेल्या आणि नवा हंगाम लांब असलेल्या दिवसांत हातात पडणारा हा रोख पैसा असतो.

आता झाडाखाली घोटाभर पाल्याचा थर असेल तर? फूल पाल्याच्या खाचांत जातं. एकेक पान बाजूला सारत बसावं लागतं. पाल्यात विंचू असतो, साप असतो. वेळ दुप्पट लागतो आणि माल अर्धा मिळतो. म्हणून मोहाच्या हंगामाआधी झाडाखालचा पाला पेटवून दिला जातो. जमीन काळी, स्वच्छ होते. त्यावर पडलेलं पिवळं फूल अंधुक उजेडातही दिसतं. पेटवणारा माणूस कडेने पाला ओढून ठेवतो, आग विझली असं पाहून घरी येतो. पण एखादं वाळकं लाकूड आत धुमसत राहतं, दुपारी वारा सुटतो आणि एक निखारा सीमेबाहेर पडतो. पुढची आग लावायचा कुणाचा हेतू नसतो.

मोह संपतो तोवर तेंदू येतो. विडीला लागणारं पान ते हेच. जुनं पान जाड आणि शिरांचं असतं, विडी वळताना तडकतं. हवं असतं नवं, मऊ, तांबूस झाक असलेलं पान, आणि ते येतं छाटलेल्या झुडपाच्या नव्या धुमाऱ्यांवर. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची छाटणी करायची असते. छाटणीला मजूर लागतात, मजुरी लागते. आग तेच काम फुकट करून देते. जुने फुटवे जळतात, जमिनीखालची मुळं शाबूत राहतात आणि तिथून एकसारखे नवे कोंब येतात. ज्या कंत्राटदाराने एका हंगामापुरता माल घेतलाय, त्याला पाच वर्षांनी त्या जंगलाचं काय होईल याची फिकीर करायचं कारण नसतं.

एप्रिलअखेर ते मे या काळात गावंच्या गावं पान तोडायला जातात. पहाटे तोडायचं, दुपारी घरी सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पानं असतात आणि मजुरी शेकडा पुड्यांवर ठरते. पंधरा-वीस दिवसांच्या या कामातून अनेक आदिवासी कुटुंबांच्या वर्षभरातल्या रोख कमाईचा मोठा वाटा येतो.

पाला पेटवण्यामागे भीतीही असते. दाट पाल्या-झुडपांत वाकून काम करणाऱ्या माणसाला दूरचं दिसत नाही. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा जंगलात पोटासाठी जाणाऱ्याला मोकळी, दूरवर दिसणारी जमीन सुरक्षित वाटली तर त्यात नवल नाही. शहरात बसून या माणसांना जंगलाचे शत्रू ठरवणं सोपं आहे. पण मोहाच्या फुलावर ज्याचा चैत्र निघतो, त्याला जंगल जळावं असं वाटेल कसं?

फांदी, ब्लोअर आणि जाळरेषा

आग लागू नये म्हणून वनविभागाची तयारी डिसेंबरपासून सुरू होते. जंगलात ठरलेल्या पट्ट्यांवरचं गवत आणि झुडपं कापायची, ती वाळू द्यायची आणि हंगाम सुरू होण्याआधी, सकाळी किंवा संध्याकाळी वारा पडलेला असताना ती आपणच जाळून टाकायची. याला जाळरेषा म्हणतात. आग इथपर्यंत आली की तिला पुढे खायला काही मिळू नये, असा हा कोरा पट्टा. रस्त्यांच्या कडेने, गावांच्या सीमेवरून, कक्षांच्या हद्दींवरून शेकडो किलोमीटर जाळरेषा दरवर्षी नव्याने कराव्या लागतात. एक पावसाळा गेला की गवत पुन्हा उगवतंच. निधी उशिरा आला, जाळरेषा रखडल्या, तर त्या हंगामाची सुरुवातच हरलेली असते.

मग येतात हंगामी मजूर. फायर वॉचर हा त्यांचा सरकारी कागदावरचा हुद्दा; मेळघाटात त्यांना अंगारी म्हणतात. बहुतेक जण आसपासच्या गावांतले गोंड, कोरकू, माडिया तरुण. मचाणावर किंवा निरीक्षण मनोऱ्यावर बसून ते धूर शोधतात आणि वायरलेसवर कळवतात. आग कळली की वनरक्षक आणि मजुरांची तुकडी निघते. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे पायी. अग्निशमन दलाचा बंब इथे निरुपयोगी. त्याला वाटही नाही आणि पाणीही नाही.

पाण्याशिवाय आग कशी विझवतात? तुकडी आगीच्या तोंडासमोर जात नाही, बाजूने जाते. पूर्वी हातात हिरव्या पानांची फांदी असायची. ती ज्वाळेवर आपटून, आग जळालेल्या बाजूला लोटत पुढे सरकायचं. आज बऱ्याच ठिकाणी पाठीवर ब्लोअर असतो, पेट्रोलवर चालणारं हवा फेकणारं यंत्र. पुढचा माणूस हवेच्या झोताने पाला आगीपासून दूर उडवतो आणि हातभर रुंद उघडी जमीन तयार करत जातो. मागचे दोघे-तिघे उरलेल्या ठिणग्या फांदीने मारतात. आणखी मागून येणारा धुमसणारे ओंडके आत ढकलतो, कारण विझलेली वाटणारी आग तासाभराने पुन्हा उठते. आगीचा पल्ला मोठा असेल तर पुढे एखादा रस्ता किंवा नाला गाठतात आणि तिथून आगीच्या दिशेने दुसरी आग सोडतात. दोन्ही आगी समोरासमोर येतात, मधला पाला संपतो आणि दोन्ही विझतात. या कामात वाऱ्याचा अंदाज चुकला तर तीच आग जिवावर बेतते. तुकडीला हे सगळं धुरात, तापलेल्या जमिनीवर, खांद्याला पाण्याची एखादी बाटली घेऊन तासन्‌तास करायचं असतं. अनेकांच्या पायात साधे बूट किंवा चपला असतात.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात हेच काम चालू होतं. आग आटोक्यात येत होती, तेवढ्यात वारा सुटला, आग पुन्हा भडकली आणि काही जण तिच्यात अडकले. तीन वनमजूर जागीच गेले, दोघे गंभीर भाजले. रोजंदारीवर जंगल वाचवायला गेलेली ही माणसं होती. वाघासाठी प्रसिद्ध असलेल्या या जंगलांची राखण अशा माणसांच्या अंगमेहनतीवर चालते. त्यांना आगीत टिकणारे कपडे आणि बूट, वेळेवर मजुरी आणि पुरेसा विमा मिळणं, हे या हंगामाचं पहिलं काम मानायला हवं.

आकाशातून दिसणारी आग

गेल्या वीस वर्षांत आग शोधण्याची पद्धत पार बदलली. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने जंगलातल्या आगींची माहिती देते. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण जमिनीतून येणारी उष्णता मोजतं. आसपासच्या जागेपेक्षा एखादा ठिपका फार तापलेला दिसला की तिथे आग असावी, असं धरलं जातं. मोडिसचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटरचा चौकोन. नंतर सुओमी एनपीपी उपग्रहावरचं व्हिअर्स हे उपकरण वापरात आलं; त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे लहान आगही त्याच्या नजरेला येते. हे ठिपके जंगलाच्या नकाशावर बसवून, कोणत्या राज्यातल्या, कोणत्या वनपरिक्षेत्रातल्या, कोणत्या बीटमध्ये आग आहे हे अक्षांश-रेखांशासह संबंधितांच्या मोबाइलवर जातं.

याच यंत्रणेमुळे देशभराचं चित्र हाती येतं. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या हंगामात व्हिअर्सने भारतातल्या जंगलांत ३,४५,९८९ वेळा आग टिपली. ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांच्याबरोबर महाराष्ट्रही आघाडीवर होता. २०२३-२४ मध्ये हा आकडा २,०३,५४४ होता. हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायची: मोठी आग अनेक चौकोनांत आणि सलग अनेक दिवस दिसते, त्यामुळे टिपलेला प्रत्येक ठिपका म्हणजे वेगळी आग नव्हे. पण एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करायला आणि कोणता पट्टा वारंवार जळतो हे ओळखायला ते पुरेसे बोलके आहेत. देशातल्या ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनाला वारंवार आगीचा धोका आहे, हे भारतीय वन सर्वेक्षणाने २०१९ च्या अहवालात अशाच नोंदींवरून मांडलं.

उपग्रहाच्या मर्यादाही आहेत. तो एका जागेवरून दिवसा-रात्री मिळून मोजक्याच वेळा जातो. तो जाऊन गेल्यावर लागलेली आग पुढच्या फेरीपर्यंत त्याला दिसत नाही, आणि तोवर ती दोन नाले ओलांडून गेलेली असू शकते. संदेश मिळाल्यावरही तिथे पोहोचायचं आहे ते माणसानेच. उपग्रह आग कुठे लागली ते सांगतो. ती का लागली आणि पुढच्या वर्षी लागू नये म्हणून कुणाशी बोलायचं, हे त्याच्या नोंदीत नसतं.

आग वाईटच असते का?

मध्य भारतात जंगलाला आगीपासून वाचवण्याचे सरकारी प्रयत्न दीडशे वर्षांहून जुने आहेत. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रांतात, १८६० च्या दशकात पिअर्सन या इंग्रज वनाधिकाऱ्याने सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग रोखून दाखवली आणि ते उदाहरण देशभर गाजलं. इंग्रजांना रेल्वेसाठी आणि बांधकामासाठी साग हवा होता. आग म्हणजे त्या मालाचं नुकसान. पुढच्या वनकायद्यांनी जंगल राखीव केलं, आदिवासींच्या फिरत्या शेतीवर बंधनं आणली आणि आग लावणं गुन्हा ठरवलं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली आजही राखीव जंगलात आग लावणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. त्याच कायद्याचं ७९ वं कलम, जंगलात हक्क असलेल्या लोकांना आग विझवायला मदत करण्याचं बंधन घालतं. पण जिथे आगीजवळ दिसलेला माणूस संशयित ठरतो, तिथे विझवायला पुढे येण्याआधी तो दोनदा विचार करतो.

गंमत म्हणजे आग पूर्ण बंद केल्याने साग वाढेनासा झाला, असं ब्रह्मदेशातल्या ओल्या सागवनांत काम करणाऱ्या वनाधिकाऱ्यांच्याच लक्षात आलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर मोठा वाद झाला. सागाचं रोप आगीत जळतं, पण मूळ जगतं. काही वर्षं असं जळत-फुटत मूळ जाड होतं आणि एका वर्षी त्याचा कोंब ज्वाळेच्या उंचीपलीकडे निघून जातो. आगीला न जुमानणाऱ्या अशा झाडांना आगीचा फायदाच होतो, तर नाजूक जातींचा बळी जातो.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथ डोंगरांतल्या सोलिगा आदिवासींचा अनुभव याहून महत्त्वाचा आहे. ते वर्षाच्या सुरुवातीला, पाल्यात थोडी ओल असतानाच, हलकी आग सोडत. तिला ते ‘तरगु बेंकी’, म्हणजे पाल्याची आग म्हणतात. अभयारण्य झाल्यावर ती बंद झाली. त्यानंतर जंगलात घाणेरी माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली, असं सोलिगांचं म्हणणं. संशोधकांनी ते गांभीर्याने घेऊन त्यावर अभ्यास केले. घाणेरीचं वाळकं झुडूप पेटलं तर ज्वाळा उंच जातात, म्हणजे हलकी आग थांबवल्याने पुढे मोठ्या आगीची सोय होते, असा त्यातून निघणारा इशारा. आग कधी, किती आणि कुणाच्या हाताने, यावर सगळं ठरतं. जानेवारीत ओलसर पाल्यावर राखणीत सोडलेली आग आणि एप्रिलच्या दुपारी बेवारस सुटलेली आग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाळरेषा जाळताना वनविभाग स्वतः तेच ज्ञान वापरतो.

ज्यांचं जंगल, त्यांची राखण

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव हे छोटं गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू आता ग्रामसभा स्वतः तोडते आणि विकते. मग गावाने बसून तेंदूचा हिशेब मांडला. पानासाठी झाड छाटायचं, जंगल पेटायचं, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, मात्र ना पाखरांना मिळायची ना पोरांना. ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखून ठेवला आणि राखणीची पाळी गावकऱ्यांनी आपसांत वाटून घेतली. हातातली रोख कमाई सोडण्याचा हा निर्णय कुठल्या अधिकाऱ्याने लादलेला नव्हता. बांबूचं उत्पन्न हाती होतं आणि उद्याही हे जंगल आपलंच असणार याची खात्री होती, म्हणून गाव तो घेऊ शकलं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा हे गाव या वाटेवर आधीच निघालेलं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्याला २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. त्यानंतर विदर्भात शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. प्रत्येक गावाला तेंदू सोडणं परवडणार नाही, आणि तशी अपेक्षा करणंही अन्याय ठरेल. पण ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करते तेव्हा अटीही तीच घालते: छाटणी हाताने करायची, आग लावायची नाही. मजुरी गावाला, नफ्यातला वाटा गावाला आणि जंगल जळालं तर तोटाही गावाचाच.

मोहासाठीही सोपे उपाय आहेत. झाडाखाली नायलॉनची जाळी बांधली तर फूल जमिनीवर पडतच नाही. पाला जाळायची गरज संपते, फूल स्वच्छ राहतं आणि स्वच्छ फुलाला भावही चांगला मिळतो. हे जमत नसेल तिथे झाडाखालचा पाला झाडून, एका जागी ढीग करून, पाणी जवळ ठेवून जाळण्याची सवय गावागावांत लागू शकते. त्यासाठी जाळ्या मोहाच्या हंगामाआधी गावात पोहोचायला हव्यात. एप्रिलमध्ये आलेल्या जाळीचा त्या वर्षी उपयोग शून्य.

हे सगळं तातडीचं होत चाललं आहे, कारण हंगामाच्या कडा सैल होऊ लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२३ हा भारतात कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा तोवरचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला आणि पुढच्याच महिन्यात, एरवी ओलसर समजल्या जाणाऱ्या गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात इतक्या आगी लागल्या की नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना पाणी टाकावं लागलं. जिथे आगीची सवय नाही ते जंगल असं पेटत असेल, तर विदर्भाच्या कोरड्या पानझडीला आणखी कमी सवड मिळणार, हे उघड आहे.

म्हणून विदर्भातल्या वणव्याचा हिशेब उन्हाळ्यात मांडून चालत नाही. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो मांडला गेला पाहिजे: यंदा जाळरेषा कुठून जाणार, मोहाच्या किती झाडांना जाळ्या लागणार, तेंदूची छाटणी कोण करणार आणि तिची मजुरी कुठून येणार, राखणीला कोण जाणार आणि त्याला काही झालं तर त्याच्या घरी काय पोहोचणार. वनविभागाने निधी, ब्लोअर, बूट आणि विमा घेऊन त्या बैठकीत बसायचं, आणि ग्रामसभेने जंगलाचा हक्कदार म्हणून. १५ फेब्रुवारीच्या आत या प्रश्नांची उत्तरं ठरली, तर एप्रिलच्या त्या दुपारी वारा सुटेल तेव्हा त्याला पेटता निखारा सापडण्याची शक्यता बरीच कमी झालेली असेल.